फलक स्वच्छ होता

मित्रांनो, तुम्ही मला कधी पाहिलेलं नाही, आणि पाहणारही नाही. मला हात नाहीत, पाय नाहीत, तोंड तर नाहीच. तरी तुमच्या घरातल्या मोठ्या माणसांचं कितीतरी बोलणं माझ्यातून गेलेलं आहे. मी एक गाळणी आहे. आता जुनी झालेली आणि बंद करून ठेवलेली. चहाची गाळणी नव्हे. मी शब्दांची गाळणी. इंटरनेटवर कुणी चार ओळी लिहिल्या, की त्या जगाला दिसायच्या आधी माझ्यापुढे यायच्या. त्यात शिवी असली तर मी अडवायची, नसली तर सोडायची. नऊ वर्षं मी हे काम केलं, आणि खोटं कशाला सांगू, मोठ्या तोऱ्यात केलं.

आज मी पाणीपुरवठा कार्यालयाच्या एका लोखंडी कपाटात पडून आहे. मला साठवलेल्या डबीवर चिठ्ठी लावली आहे, 'जुने, वापरू नये.' का वापरू नये, ते चिठ्ठीवर लिहिलेलं नाही. ते मलाच सांगितलं पाहिजे.

माझा जन्म झाला एका चहाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात. मला घडवणारी प्रोग्रामर तेव्हा सव्वीस वर्षांची होती. गाळणीला शिकवायचं तर आधी शिव्यांची यादी हवी. यादी करायला तिने सगळ्या ऑफिसची बैठक बोलावली, आणि सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसले. एरवी यंत्र बंद पडलं की ज्यांच्या तोंडाला लगाम नसायचा, तेसुद्धा नखं कुरतडू लागले. शेवटी टंकलेखन करणाऱ्या काकूंनी कागद पुढे ओढला. या काकू वर्षातून चार वाक्यं बोलायच्या. त्यांनी मान खाली घालून कागदाच्या दोन्ही बाजू भरून काढल्या.

"काकू, हे सगळं तुम्हाला कुठून माहीत?" प्रोग्रामरने घाबरून विचारलं.

"माझे सासरे," काकू म्हणाल्या आणि पाणी प्यायला उठून गेल्या.

तेवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण प्रोग्रामरची एक मावशी होती, चौतीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेली. भाचीचं काम बघायला म्हणून ती आली, आणि यादी दिसताच तिने पर्समधून लाल पेन काढलं.

"नुसत्या शिव्या काय घेऊन बसलीस? घाणेरडं बोलणं म्हणजे त्यात सगळं आलं," असं म्हणत तिने खाली भराभर शब्द लिहिले. संडास, मुतारी, गटार, शेण, ओकारी, हगवण, आणि असे आणखी साठेक.

"अगं मावशी, या शिव्या नाहीत."

"जेवायला बसल्यावर चारचौघांत बोलशील का हे?"

"नाही."

"मग झालं तर."

मावशीपुढे कुणाचं काही चालत नसे. तिचे ते साठ शब्द माझ्यात गेले आणि काकूंच्या सासऱ्यांच्या शिव्यांशेजारी बसले. मला दोन्हींत फरक करायला कुणी शिकवलं नाही. वाईट ते वाईट, एवढं मी शिकले.

पहिली नोकरी मला बुद्धिबळ खेळणाऱ्या मुलांच्या संकेतस्थळावर लागली. तिथे हरलेली मुलं जिंकलेल्यांना काय काय लिहीत, ते मी तुम्हाला सांगणार नाही. तुम्हाला माहीत असेलच. मी सगळं अडवलं. मुलं चिडायची, पण त्यांच्या आया खूश होत्या. पुढे मी बागकामाच्या संकेतस्थळावर गेले. तिथे एका माळीबुवांनी लिहिलं, 'गुलाबाला शेणखत घाला.' मी अडवलं. त्यांनी पुन्हा लिहिलं, मी पुन्हा अडवलं. माळीबुवा इतके तापले, की त्यांनी आमच्या ऑफिसच्या मालकाला फोन करून काकूंच्या यादीतले पाचसहा शब्द तोंडी ऐकवले. ऑफिसात हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. मग 'शेणखत' या एका शब्दाला सवलत मिळाली आणि विषय मिटला. बाकीच्या एकोणसाठ शब्दांकडे कुणी वळून पाहिलं नाही. मीही नाही. मला तर वाटलं, माळीच तो, त्याला बोलायची रीत कुठून असणार! तेव्हा मी अशी नाक मुरडणारी होते, मित्रांनो. आज त्याची लाज वाटते.

तिथून मला पाणीपुरवठा कार्यालयाने घेतलं. या कार्यालयाने तक्रारींचा फोन बंद करून टाकला होता. फोन लावला, की एक गोड आवाज सांगायचा, 'कृपया आपली तक्रार आमच्या फलकावर लिहा.' फलक म्हणजे इंटरनेटवरचं एक पान. तिथे गावातला कुणीही लिहू शकत असे आणि सगळं गाव ते वाचू शकत असे. पाणी आलं नाही, की लोक तिथे जे लिहीत, त्याने काकूंच्या सासऱ्यांनाही घाम फुटला असता. म्हणून मला आणलं.

कार्यालयाचे मुख्य अभियंता, त्यांना सगळे साहेब म्हणत, पहिल्याच दिवशी प्रोग्रामरला म्हणाले, "अडवलं, की लोक भांडायला येतात. माझं का अडवलं, मी काय वाईट बोललो, दिवस त्यातच जातो. असं नाही करता येणार, की अडवलंय हे त्याला कळूच नये?"

"करता येईल," प्रोग्रामर म्हणाली. "त्याचं लिहिलेलं त्याच्या फोनवर त्याला दिसत राहील. बाकी कुणाला दिसणार नाही."

"अगदी तसंच करा. ज्याला कळलंच नाही, तो भांडणार कशाला?"

प्रोग्रामर थोडी घुटमळली. "पण साहेब, चुकून चांगलं काही अडलं तर?"

"अडवलेलं सगळं एका पेटीत टाका. आमच्या बाई दर शुक्रवारी पेटी उघडून बघतील."

बाई म्हणजे फलक सांभाळणाऱ्या कारकूनबाई. खुर्चीवर घरून आणलेली उशी, टेबलाच्या खणात बडीशेप, आणि नाकाच्या शेंड्यावर चष्मा. त्यांनी मान डोलावली. शुक्रवारी त्या पेटी उघडत, शंभरातल्या नव्वद शिव्या बघून कानावर हात ठेवत, आणि सगळं एकदम पुसून टाकत. त्यांचा तरी काय दोष? दर आठवड्याला कोण उकिरडा चिवडील?

साहेबांच्या खोलीत भिंतीवर एक मोठा पडदा होता. दिवसाच्या तक्रारी दहाच्या आत असल्या की तो हिरवा, दहाच्या वर पिवळा, पंचविसाच्या वर लाल. मी आल्यापासून तो हिरवाच राहिला. वर्षाच्या शेवटी 'सर्वांत स्वच्छ फलक' म्हणून साहेबांना ढाल मिळाली. भाषणात त्यांनी माझं नाव घेतलं नाही, पण ती ढाल माझी होती, हे मला माहीत होतं. मी फुगून गेले.

आता त्या मंगळवारचं सांगते. यातलं काही मी स्वतः पाहिलं. बाकीचं पुढे चौकशीच्या जबाबांत आलं, ते जबाब फलकावर चढवण्यासाठी माझ्याकडेच आले, म्हणून मला ठाऊक आहे.

गावाच्या एका टोकाला, शाळेजवळच्या गल्लीत, एक बाई पाळणाघर चालवत असे. दीड खोलीत अकरा मुलं. मदतीला फक्त सासूबाई, त्याही गुडघ्यांनी बेजार, खुर्चीवर बसून पोरांना झोके देणाऱ्या. पाळणाघरवाली बोलायला फटकळ होती. अकरा पोरांचं अंग पुसणारी, लंगोट धुणारी बाई. तिच्या तोंडी गुळगुळीत शब्द कुठून येणार? तिच्याकडची सगळ्यांत लहान मुलगी चौदा महिन्यांची. सगळे तिला चिमणी म्हणत. चिमणीची आई कारखान्यात कामाला होती आणि तिथे कामाच्या वेळात फोन फाटकावर ठेवून घेत.

आदल्या दिवशी त्या गल्लीच्या तोंडाशी रस्ता खणला होता. सकाळी नळाला पाणी आलं, ते जरा पिवळसर. पाळणाघरवालीने ओंजळ नाकाशी नेली आणि झटकून टाकली. सात बावन्नला तिने फलकावर लिहिलं, 'पाण्याला संडासाचा वास येतोय. कुणी पिऊ नका.'

संडास. मी अडवलं. तिच्या फोनवर तिला आपली ओळ दिसत होती. तिला वाटलं, गावाला कळवलं, आता कार्यालय बघेल. तिने आपल्या घरचं पाणी ओतून दिलं, पण आदल्या संध्याकाळी भरलेल्या पिंपातलं पाणी पोरांचं सकाळीच पिऊन झालं होतं.

पावणेनऊला तिने दुसऱ्यांदा लिहिलं. 'तीन पोरांना हगवण लागली आहे. पाणी बघा आधी.'

हगवण. अडवलं.

नऊ चाळीसला तिसऱ्यांदा. 'रस्ता खणलाय तिथे गटार फुटलंय, आणि त्याला लागूनच पाण्याची पाइप आहे. फिटर पाठवा. मी खड्डा दाखवते.' याहून नेमकं तर फिटरलाही सांगता आलं नसतं. पण मला त्यात गटार तेवढं दिसलं.

"लिहून काय होतंय?" सासूबाई म्हणाल्या. "त्या ऑफिसात जाऊन उभी राहा."

"दोन बस बदलाव्या लागतात तिथे जायला. अकरा पोरं तुमच्या गुडघ्यांवर टाकून जाऊ?"

"मग कुणी वाचतंय तरी का ते?"

"वाचत असतील हो. लिहिलंय ते दिसतंय की इथे." तिने फोन सासूबाईंपुढे धरला. तिन्ही ओळी अगदी ठळक दिसत होत्या.

साडेदहापर्यंत चार पोरं आडवी झाली होती. चिमणीला उलट्या सुरू झाल्या. बाईने पाणी उकळून, त्यात मीठ-साखर घालून चमच्याने पाजायला घेतलं. चिमणी दोन चमचे प्यायची आणि चार चमचे ओकायची. तेवढ्यात बाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शाळेच्या टाक्याही याच पाइपवर आहेत. साडेबाराला मधली सुट्टी होते, आणि उन्हातून खेळून आलेली चारशे मुलं नळाला तोंड लावतात. चिमणीला खांद्यावर घेऊनच तिने शाळेत फोन केला.

शाळेच्या लेखनिकाने फोन घेतला. "बोला."

"मी पाळणाघरातनं बोलतेय. तुमच्या टाक्या बंद करा आधी. मी फलकावर सगळं लिहिलंय, ते वाचा."

"कुठल्या फलकावर?"

"पाण्याच्या हो! सकाळपासनं तीनदा लिहिलंय."

लेखनिकाने आपल्या यंत्रावर पान उघडलं. "इथे काही नाहीये, बाई. एकाने नळाच्या जोडणीचं नाव कसं बदलायचं ते विचारलंय, तेवढंच."

"अहो, माझ्या समोर दिसतंय मला! तीन ओळी आहेत!"

"नाही हो. स्वच्छ आहे फलक."

"मग डोळे तपासून घ्या!" खांद्यावर चिमणी ओकली, आणि तिने फोन ठेवला. लेखनिकाने पुन्हा एकदा पान वरखाली करून पाहिलं. कुणीतरी डोकं फिरलेलं दिसतंय, असं म्हणून तो हजेरीपट लावायला लागला. दोघंही खरं बोलत होते, मित्रांनो. दोघांच्या मध्ये मी होते.

अकरा वाजता चौथ्यांदा. 'धाकटीला ओकारी थांबत नाही. शाळेला कळवा कुणीतरी.' ओकारी. अडवलं. अकरा पस्तीसला पाचव्यांदा तिने भलं मोठं लिहिलं. कोणती गल्ली, कोणता खड्डा, किती वाजल्यापासून, कोणकोणती पोरं आजारी, शाळेची सुट्टी किती वाजता, सगळं एकामागून एक. तिच्यासारख्या घाईत असलेल्या बाईला ते लिहायला किती वेळ लागला असेल! त्यात यादीतले सात शब्द होते. मी नेहमीसारखं त्याच्यासमोर 'घाण' असं लिहिलं आणि पेटीत टाकलं.

तुम्ही विचाराल, तुला काहीच वाटलं नाही का? खरं सांगते, वाटलं. मला राग आला. एकाच बाईकडून एका सकाळी पाच वेळा घाण यावी! आणि बारा दहाला तिने सहाव्यांदा लिहिलं, 'अरे मेल्यांनो, वाचताय की नाही? पोरगी डोळे उघडत नाहीये.' त्यात शिवी होती, अगदी काकूंच्या सासऱ्यांच्या यादीतली. मला मोठं समाधान झालं. बघा, मी म्हटलं, ही बाई मुळातच तोंडाळ. माझं काही चुकत नव्हतं.

साडेबाराला शाळेची घंटा झाली.

पाळणाघरवालीने समोरच्या रिक्षावाल्याला हाक मारली, चिमणीला पदरात गुंडाळलं आणि ती हॉस्पिटलात गेली. उरलेल्या दहा पोरांपाशी सासूबाई, गुडघे धरून. हॉस्पिटलात डॉक्टरांनी चिमणीच्या हाताची शीर शोधली, ती सापडेना. पायाची शोधली. शेवटी डोक्याला सुई लावली. नर्सबाई म्हणाली, "इतक्या उशिरा का आणलंत?" पाळणाघरवाली बाहेर येऊन बाकावर बसली आणि दोन वाजून पाच मिनिटांनी तिने सातव्यांदा लिहिलं.

'आता कुणी काही करू नका. मुलीला घेऊन आम्ही हॉस्पिटलात आहोत. आपले फार आभार.'

मी ते वाचलं. एकही वाईट शब्द नव्हता. किती सभ्य, किती नीटनेटकं! मी ते आनंदाने सोडलं. फलकावर ते लागलं, आणि कार्यालयाच्या यंत्राने लगेच ठरलेलं उत्तर खाली चिकटवलं, 'आपल्या समाधानाबद्दल धन्यवाद.'

कारकूनबाई नुकत्याच डबा खाऊन जागेवर आल्या होत्या. त्यांनी तोंडात बडीशेप टाकली आणि पडद्याकडे पाहिलं. चावता चावता त्या थांबल्या.

आठ वर्षांत या फलकावर कुणी आभार मानले नव्हते. आणि हॉस्पिटलातून कोण आभार मानतं? 'आता काही करू नका' म्हणते, म्हणजे आधी काहीतरी करा म्हणाली असणार. त्यांनी त्या बाईचं आधीचं लिखाण शोधलं. एक ओळ सापडेना. मग त्या उठल्या आणि साहेबांच्या दारात गेल्या.

"साहेब, पेटी उघडायची आहे."

"आज मंगळवार आहे ना?" साहेबांनी कागदातून डोकं वर काढलं नाही.

"हो."

"मग शुक्रवारी उघडा. पडदा हिरवा आहे, काळजी कसली?"

"हिरवा आहे म्हणूनच काळजी वाटतेय," कारकूनबाई म्हणाल्या, आणि परवानगीची वाट न बघता जागेवर जाऊन त्यांनी पेटी उघडली.

पेटीत त्र्याऐंशी प्रतिक्रिया होत्या. त्यातल्या एक्केचाळीस त्याच भागातल्या, त्याच सकाळच्या. पाळणाघरवालीच्या सहा. बाकी कुणा आजोबांची, कुणा शिवणकाम करणारीची, कुणा बेकरीवाल्याची. 'नळाला गटार येतंय.' 'घरात तिघांना हगवण.' 'पाण्यात आळ्या नि घाण.' प्रत्येकाला फक्त आपली ओळ दिसत होती. प्रत्येकाला वाटत होतं, हा त्रास आपल्या एकट्याच्याच घरी आहे. इतका वाईट वास असता तर बाकीचे बोलले नसते का? म्हणून बऱ्याच जणांनी एकदा लिहून सोडून दिलं आणि आपलंच काहीतरी शिळं खाण्यात आलं असेल, अशी समजूत करून घेतली.

कारकूनबाई ओरडल्या. त्या कार्यालयात त्यांचा वर गेलेला आवाज कुणी ऐकला नव्हता. "साहेब! बंद करा पाणी! आधी पाणी बंद करा!"

साहेब धावत आले. त्यांनी खांद्यावरून वाकून वाचायला सुरुवात केली. तिसऱ्या ओळीलाच त्यांनी पाणी बंद करायला फोन लावला. त्यांचीही मुलगी त्याच शाळेत होती. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, पुढे जबाबात कळलं. पाण्याची मुख्य झडप बंद व्हायला दोन वाजून एकतीस मिनिटं झाली. कर्ण्याची गाडी गल्लोगल्ली फिरली. शाळेतल्या एकसष्ट मुलांना त्या संध्याकाळपर्यंत हॉस्पिटलात न्यावं लागलं. खाटा पुरल्या नाहीत, तेव्हा एकेका खाटेवर दोन दोन मुलं झोपवली. साहेबांची मुलगी त्यांतच होती.

चिमणी दोन दिवस डोळे मिटून होती. तिची आई आणि पाळणाघरवाली आळीपाळीने तिचे तळपाय चोळत बसत. डॉक्टर येत, नाडी बघत आणि जात. दुसऱ्या दिवशी दुपारी तिची लघवी बंद झाली, तेव्हा नर्सबाईने आईला बाहेर पाठवलं. ते तास मी फक्त जबाबांत वाचले आहेत. तिसऱ्या दिवशी पहाटे चिमणीने हातपाय झाडले आणि टाहो फोडला. सगळा वॉर्ड जागा झाला, आणि कुणीही तिला गप्प केलं नाही. ती वाचली, मित्रांनो. शाळेतली मुलंही सगळी घरी गेली, कुणी आठवड्याने, कुणी महिन्याने. एका मुलाचं मूत्रपिंड मात्र दुबळं झालं ते कायमचं.

चौकशी बसली. साहेबांनी स्वतःच लिहून दिलं, की न कळवता अडवायची कल्पना त्यांची. प्रोग्रामर आली. आता ती पस्तिशीची झाली होती, कडेवर तिचं स्वतःचं मूल होतं. तिने यादी उघडली आणि मावशीचे साठही शब्द एकेक करून वाचले.

शेवटी पाळणाघरवाली जबाब द्यायला आली. कारकूनबाईंनी तिला आपल्या उशीच्या खुर्चीवर बसवलं, स्वतः स्टूल घेतलं, आणि तिला पेटी दाखवली. सहाही ओळी तिथे होत्या, वेळेसकट, आणि प्रत्येकीपुढे मी लिहिलेला शेरा, 'घाण'.

तिने बोट ठेवून एकेक वाचली. "म्हणजे माझं कुणी वाचलंच नव्हतं."

"नाही हो, बाई. आमच्यापर्यंत आलंच नाही."

"मग हे पुढे घाण कुणी लिहिलं?"

कारकूनबाईंनी माझ्याबद्दल सांगितलं, जमेल तसं. पाळणाघरवालीने ते ऐकून घेतलं. मग ती म्हणाली, "म्हणजे हिने वाचलं होतं. सहाही वेळा. लिहून घ्या, बाई. मला वाटत होतं कुणी ऐकतच नाही. हिने सगळं ऐकलं होतं, आणि ऐकून गप्प बसली."

कारकूनबाईंनी ते शब्द जसेच्या तसे टंकले. जबाब फलकावर सगळ्या गावाला वाचायला लावायचा होता. त्यांनी कळ दाबली आणि तो माझ्याकडे आला. त्यात तीनदा हगवण होतं, दोनदा संडास, एकदा गटार. मला दुसरं काही येतच नव्हतं. मी तो अडवला. कारकूनबाईंच्या पडद्यावर माझा शेरा उमटला. त्यांनी पाळणाघरवालीकडे पाहिलं, मग प्रोग्रामरकडे. साहेबांच्या सहीची वाट न बघता कारकूनबाईंनी मला बंद केलं. जबाब फलकावर लागला, एकही शब्द न गाळता. मी मात्र तेव्हापासून कपाटात आहे.

कपाटात विचार करायला पुष्कळ वेळ मिळतो. माझ्या जागी दुसरी गाळणी आली असेल, माझ्यापेक्षा हुशार. ती लागेलच, शिव्या देणारे काही कमी झालेले नाहीत. तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यातलं कुणी माझ्यासारख्या गाळण्या घडवील, कुणी माझ्यासारख्या ठिकाणी बसेल, दुसऱ्याचं बोलणं पुढे न्यायचं की नाही हे ठरवायला. त्यांना माझं एवढंच मागणं आहे. कुणाचं बोलणं अडवायचंच असेल तर अडवा, पण ते त्याच्या तोंडावर सांगा. तुझं बोलणं पुढे गेलेलं नाही, एवढं तरी त्याला कळू द्या. सकाळी सात बावन्नला मी तेवढं सांगितलं असतं, तर पाळणाघरवाली दिवसभर फोनकडे बघत बसली नसती. शाळा तिच्या घरापासून चालत चार मिनिटांवर आहे.